देव पिशवीत, देव्हारा ट्रेलरमध्ये

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवायचं ठरलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. मूव्हर्सची कंपनी बोलवायची, की ट्रेलर घेऊन तो आपल्याच गाडीला जोडायचा आणि संसार स्वतःच ओढत न्यायचा? दुसरा मार्ग स्वस्त पडतो, म्हणून नोकरीनिमित्त राज्य बदलणारी अनेक मराठी कुटुंबंही तोच धरतात. लेनर्ड आणि अ‍ॅना मेरी शोएन या दांपत्याने १९४५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफिल्डमध्ये ट्रेलर भाड्याने देणारी यू-हॉल ही कंपनी सुरू केली. एका गावी ट्रेलर घ्यायचा आणि दुसऱ्या गावी सोडायचा ही सोय तेव्हापासून या देशाच्या अंगवळणी पडली आहे. कुणी असा भाड्याचा घेतं, कुणी जुना विकत घेऊन पोचल्यावर विकून टाकतं. पण वाटेतल्या रात्री हा ट्रेलर कुठल्यातरी हॉटेलच्या आवारात उभा असतो आणि आत आपलं सगळं घर असतं. ते चोरापासून कसं राखायचं, याबद्दल मला दोन ठाम मतं आढळतात. दोन्हींत तथ्य आहे, आणि एकट्याने कुठलंच पुरेसं नाही. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद. त्यातली माणसं मी रचलेली आहेत. काका न्यू जर्सीतल्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले, हयातभर पोलाद कापलेले. पुतणी विमा कंपनीत दावे तपासते. नवरा आणि दोन मुलांसह ती एडिसनहून डॅलसला निघाली आहे. अंतर सुमारे १,५०० मैल, वाटेत तीन मुक्काम.

काका : ट्रेलर बघितला तुझा. सहा बाय बारा फुटांचा, सांगाडा चांगला आहे. पण दाराला जे कुलूप लावलंयस ते आधी काढून टाक. लांब कडीचं कुलूप बोल्ट कटरच्या एका दाबात तुटतं. गोल चकतीसारखं डिस्क कुलूप मिळतं ते घे. त्याची कडी जवळजवळ सगळी आत दडलेली असते, कटरच्या जबड्याला धरायला जागाच उरत नाही.

पुतणी : मागच्या दाराला ते घेते. बाजूच्या दाराला तर कारखान्यातूनच कुलूप बसवून आलंय.

काका : त्याला मी कुलूप म्हणणार नाही. कॅम्परच्या आणि ट्रेलरच्या कप्प्यांना, दारांना वर्षानुवर्षं एकाच नमुन्याची किल्ली चालत आली आहे, सीएच ७५१. ती कुठेही विकत मिळते. तुझ्या दाराला तीच लागते का ते आधी बघ. लागत असो वा नसो, तिथे वेगळा कोयंडा बसव. आणि तो नुसत्या स्क्रूने नको, आरपार बोल्टने बसव. नट आतल्या बाजूला.

पुतणी : बसवते. पण काका, तुम्ही धातूतले माणूस. मला सांगा, या ट्रेलरची भिंत केवढी जाड असते?

काका : बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, इंचाच्या शंभर भागांपैकी तीनएक भाग. आतून प्लायवुड, तीन अष्टमांश इंच. दोन्हींच्या मध्ये लोखंडी चौकट.

पुतणी : म्हणजे दारावर पोलाद आणि त्याच्या हातभर शेजारी पत्रा आणि प्लायवुड. बॅटरीवर चालणारी करवत असली की चोराला दाराची गरजच नाही. आणि ट्रेलरच ओढून नेला तर कुलूप कितीही भारी असो, ते शाबूतच राहतं. तो कुठल्यातरी गोदामामागे सावकाश उघडायला त्याच्याकडे अख्खा आठवडा असतो. म्हणून माझा आग्रह वेगळा आहे. चोरी अवघड करणं हे एक काम, आणि चोरी झालीच तर ती सोसता यावी अशी व्यवस्था करणं हे दुसरं. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करता. मी दुसऱ्यापासून करते.

काका : सोसायची तयारी आधी केली की राखायची उमेद कमी होते, असं मला वाटतं. माझं ऐक. बॅटरीवरचा ग्राइंडर जवळपास कुठलंही कुलूप कापतो, हे मला तू सांगायला नको. पण तो किंचाळतो, ठिणग्या उडवतो आणि वेळ खातो. मध्यरात्री हॉटेलच्या आवारात या तिन्ही गोष्टी चोराला नको असतात. कुलूप वेळ विकत घेतं. तेवढ्या वेळात कुणाची तरी खिडकी उघडते.

पुतणी : हे मान्य. आणि ट्रेलरच ओढून नेण्याचं काय?

काका : त्याला तीन ठिकाणं आहेत. पहिलं, गाडीच्या मागच्या चौकोनी नळीत हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा दांडा, बसतो तिथली खीळ. नेहमीची खीळ एका तारेच्या क्लिपवर अडकलेली असते, हाताने निघते. तिथे कुलपाची खीळ घाल. दोन इंची नळीला पाच अष्टमांश इंचाची लागते. दुसरं, कपलरचा, म्हणजे हिचच्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाचा, खटका. तो बॉलवर बसवला की त्याच्या भोकात कुलूप. तिसरं, चाक. ट्रेलर गाडीपासून सोडवलेला असेल तर कपलरला कुलूप असूनही सुरक्षा साखळ्यांना धरून तो थोड्या अंतरापर्यंत फरफटत नेता येतो. चाकाला जबडा लावला की तेही बंद. आणि रात्री ट्रेलर गाडीपासून सोडवायचाच नाही. मग चोराला तुझी गाडीही चोरावी लागते.

पुतणी : हे तिन्ही मी करणार, शब्द देते. आता माझं ऐका. ट्रेलरमध्ये काय ठेवायचं याची यादी मी केली आहे, पण त्याआधी काय ठेवायचं नाही याची केली. सगळ्यांत वर सोनं.

काका : ते तू गाडीत ठेवशीलच.

पुतणी : गाडीतही नाही. आम्ही चौघं जेवायला उतरलो की गाडी आणि तिच्यातलं सोनं यांच्यामध्ये एक काच असते. पार्किंगमध्ये काच फोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुलपाला हातही लागत नाही. मोटार विमा गाडीचा असतो, आतल्या दागिन्यांचा नसतो. दागिन्यांचा असतो तो घराचा किंवा भाडेकरूचा विमा. त्यातही अनेक प्रमाणित पॉलिसींमध्ये चोरीला गेलेल्या सगळ्या दागिन्यांना मिळून मर्यादा असते १,५०० डॉलर. रोख पैशांना २००. चांदीच्या भांड्यांना २,५००. आजच्या भावाने त्या १,५०० डॉलरमध्ये दोन तोळेही बसत नाहीत. लोकांना हे कळतं ते दावा भरताना.

काका : आणि मूव्हर्सना दिलं असतं तर?

पुतणी : तिथे आणखी वाईट. राज्याबाहेरच्या स्थलांतरात वेगळे पैसे न भरता मिळणारी भरपाई वजनावर असते, दर नगाला पौंडामागे ६० सेंट. पाच पौंडांचा लॅपटॉप हरवला तर तीन डॉलर. जास्त पैसे भरून पूर्ण किमतीचं संरक्षण घेतलं तरी पौंडामागे १०० डॉलरपेक्षा महाग असलेली वस्तू आधी लेखी कळवावी लागते. मंगळसूत्र कुठल्याही हिशेबाने त्यात येतं.

काका : मग आईच्या पाटल्या कशा नेणार? पाटल्या, तोडे, तुझा लग्नातला हार?

पुतणी : आधी सगळ्याचं मूल्यांकन करून घेतलं. फोटो काढले. मग प्रत्येक दागिना विम्यात वेगळा, नावानिशी नोंदवला. त्याचा हप्ता जास्त पडतो, पण १,५०० ची मर्यादा त्याला लागत नाही. आणि पाठवायचं म्हणाल तर टपाल खात्याचं रजिस्टर्ड मेल आहे. ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. पाकीट ज्याच्या ज्याच्या हातातून जातं त्याची नोंद होते. प्लॅस्टिकची चिकटपट्टी चालत नाही, कागदीच लावावी लागते, म्हणजे कुणी उघडलं तर दिसतं.

काका : आईच्या पाटल्या पोस्टात टाकायच्या? ते मला जमणार नाही.

पुतणी : काका, होप हिरा ठाऊक आहे ना? आपल्या गोवळकोंड्याच्या मुलखातला. जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये तो न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला स्मिथसोनियनकडे पाठवला, तो याच रजिस्टर्ड टपालाने. खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट, त्यातला बहुतेक विम्याचा. बंदोबस्ताची गाडी त्यांना परवडली नसती असं थोडंच आहे? बाहेरून कुणाला काही कळत नाही, हीच त्या पाकिटाची खरी राखण होती.

काका : हिरा त्यांचा होता, पाटल्या माझ्या आईच्या आहेत. पैसे मिळाल्याने त्या परत येणार नाहीत. वहिनी विमानाने जाणार आहेत ना? त्यांच्या हातातल्या पर्समध्ये जाऊ देत. वर सामानाच्या कप्प्यात नाही, पायाशी. तपासणीला पर्स उघडायची वेळ आली तर आडबाजूला तपासा म्हणून सांगता येतं.

पुतणी : आईसोबत पाटल्या आणि मंगळसूत्र जाऊ देत, हे मला पटलं. बाकीचं टपालाने. सगळं एकाच वाटेने जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

काका : आणि कागदपत्रं?

पुतणी : ती पाठीवरच्या एका पिशवीत. पासपोर्ट, ओसीआय कार्ड, यांच्या नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, माझी इमिग्रेशनची नोटीस आय-७९७, मुलांचे जन्मदाखले. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळवायला फी तर लागतेच, महिनोन्महिने जातात. चोराला ते कवडीमोलाचं असतं. ट्रेलरसोबत गेलं तर तो पहिल्याच कचरापेटीत टाकेल. तेवढ्यासाठी आपलं नवं घर, मुलांची शाळा, सगळं अडून बसेल. म्हणून ती पिशवी कुणाच्या तरी पाठीवर असेल, जेवतानाही. हार्ड डिस्कही तिच्यातच. आजोबांचे अल्बम मी आधीच स्कॅन केलेत, मूळ अल्बम गाडीत माझ्या पायाशी.

काका : आणि देव?

पुतणी : देवही त्याच पिशवीत. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, सगळं मऊ कापडात गुंडाळून. घर बदलताना देव आपल्यासोबतच जातात, हे आजीनेच शिकवलं.

काका : बरं. आता मला एक सांग. देव पिशवीत गेले. देव्हारा?

पुतणी : तो ट्रेलरमध्येच जावा लागेल. गाडीत कुठे मावणार?

काका : तो माझ्या वडिलांनी सागवानात स्वतः घडवलाय. कमानीवरची वेलबुट्टी त्यांच्या हातची आहे. मी तो बोटीने मागवला तेव्हा चार भाग करून पेटीतून आला होता. विम्याच्या यादीत तू त्याची किंमत काय लिहिलीस?

पुतणी : लिहिली आहे. पण तुम्ही काय विचारताय ते कळतंय मला. त्या आकड्याला अर्थ नाही.

काका : म्हणून मी कुलपांबद्दल बोलतोय. तुझी युक्ती लहान आणि महाग वस्तूंना लागू पडते. त्या काढून घेता येतात, पोस्टाने जातात, पर्समध्ये मावतात, त्यांची भरपाई मिळते. मोठी आणि बाजारात बिनमोलाची वस्तू तुझ्या कुठल्याच वाटेने जात नाही. ती जाते ट्रेलरमध्येच. चोराला देव्हारा नको आहे, पण त्याने ट्रेलर नेला तर देव्हारा सोबत जातो. तो नदीकाठी टाकून देईल किंवा जाळेल. सोसण्याची तुझी सगळी तयारी तिथे संपते.

पुतणी : हो. इथे माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या कामात मी हेच बघते. दागिन्यांबद्दल लोक रागाने बोलतात, पण बोलता बोलता त्यांचा आवाज बसतो तो अशाच कशाबद्दल तरी, आईची शिवणाची पेटी, वडिलांची आरामखुर्ची. त्याच्यासमोर माझा तक्ता कोरा असतो.

काका : मग कुलपं कशासाठी ते ठरलं. सोन्यासाठी नाहीत, देव्हाऱ्यासाठी आहेत.

पुतणी : आणि सोनं आत नसल्यामुळेच ती पुरी पडतील. ट्रेलर फोडण्यात कुणाचा फायदा नसला आणि तो ओढून नेणं जिकिरीचं असलं, तर चोर शेजारच्या गाडीकडे वळेल. तुम्ही जिकिरीचं करा, मी बिनफायद्याचं करते. खोक्यांवर मी काहीच लिहिलेलं नाही, फक्त आकडे. कुठल्या आकड्यात काय ते माझ्या फोनमध्ये. टीव्हीच्या खोक्यावर त्याचं चित्र असतं, ते खोकंसुद्धा उलटं करून घेतलंय.

काका : सामान लावताना वजनाचं ध्यान ठेव. एकूण वजनातलं साठ टक्के पुढच्या अर्ध्यात हवं, नाहीतर वेगात ट्रेलर डोलायला लागतो. पुस्तकं, पाटा-वरवंटा, कपाटं पुढे.

पुतणी : ते तुमच्या कुलपांनाही सोयीचं आहे. देव्हारा अगदी पुढे, नाकाशी, पुस्तकांच्या खोक्यांमध्ये घट्ट बांधून. दाराशी सगळ्यांत शेवटी गाद्या आणि सोफा. दार फोडलंच तर समोर भिंतीसारख्या गाद्या दिसतील. घाईत असलेला माणूस त्या उपसत बसणार नाही.

काका : ट्रेलर कधी भरणार?

पुतणी : निघायच्या दिवशी सकाळी. भरलेला ट्रेलर आदल्या रात्री दारात उभा ठेवायचा नाही. आपली गल्ली ओळखीची आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण दोन दिवस सामान चढताना सगळ्या जगाने बघितलेलं असतं. आणि पोचल्यावर थकलेलो असलो तरी त्याच रात्री रिकामा करायचा. निदान देव्हारा तरी आत घ्यायचा.

काका : वाटेतल्या तीन रात्रींचं काय? हॉटेलात खोली चौथ्या मजल्यावर आणि ट्रेलर मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कारण लांब गाडी तिथेच मावते. हे मी अनेकदा बघितलंय.

पुतणी : रोआनोक, नॅशव्हिल आणि लिटल रॉक, असे मुक्काम धरलेत. हॉटेल बुक करताना विचारायचं ठरवलंय की ट्रेलरला जागा आहे का आणि ती स्वागतकक्षातून दिसते का. मागचं दार भिंतीला टेकवून उभा करायचा, म्हणजे ते उघडतच नाही.

काका : त्याहून चांगलं सुचवतो. कॅम्पग्राउंडवर लाकडी केबिन भाड्याने मिळतात. ट्रेलर थेट तुझ्या दारात, गाडीला जोडलेला. आजूबाजूला ट्रेलरवालेच, त्यांना अशा आवाजांची जाण असते. रात्री फाटकातून येणाऱ्या अनोळखी गाडीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. कुलपाने विकत घेतलेल्या वेळेचा उपयोग तिथे होतो. रिकाम्या पार्किंगमध्ये ती वेळ वाया जाते.

पुतणी : हे माझ्या यादीत नव्हतं. घालते. चार माणसांना हॉटेलपेक्षा महागही पडणार नाही.

काका : आणि ते छोटे शोधयंत्र? ॲपलचा एअरटॅग?

पुतणी : एक देव्हाऱ्याच्या आत ठेवलाय. पण त्याच्यावर फार विसंबू नका. जवळून कुणाचा आयफोन किंवा ॲपलचं दुसरं उपकरण गेलं तरच तो आपली जागा कळवतो, आणि पत्र्याच्या पेटीत त्याचा आवाका आणखी कमी होतो. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर चोराच्या फोनलाही इशारा जातो, तसं तो मुद्दाम बनवलाय. म्हणून मोबाइल जाळ्यावर चालणारा एक जीपीएस ट्रॅकरही सांगाड्यात लपवायचाय. जागा दिसली तरी आपण स्वतः जायचं नाही, पोलिसांना कळवायचं. त्यांना देण्यासाठी ट्रेलरचा सतरा अक्षरी व्हीआयएन, नंबरप्लेट आणि चारही बाजूंचे फोटो फोनमध्ये आहेत. बहुतेकांकडे नेमकी ट्रेलरच्या नंबरचीच नोंद नसते. तो नसला तर पोलीस शोधणार कशाच्या आधारावर?

काका : आणि त्यांना तक्रार दिल्यावर?

पुतणी : तक्रारीचा क्रमांक घेऊन लगेच विमा कंपनीला फोन. यादी, पावत्या, सिरियल नंबर. यादी चोरीनंतर आठवून करायला गेलं की अर्ध्या वस्तू आठवत नाहीत, आणि न आठवलेल्या वस्तूची भरपाई कुणी देत नाही. हे नुकसान आयकरातही वजा होईल अशी आशा ठेवू नये. २०१८ पासून घरातल्या सामान्य चोरीला ती सवलत नाही.

काका : तुझी यादी आणि माझी कुलपं यात आधी काय?

पुतणी : यादी आधी. तिच्यामुळेच ठरतं की काय अंगावर जाईल, काय आईसोबत, काय टपालाने, आणि कुलपामागे काय राहील. उलट केलं तर आपण सगळंच कुलपामागे ठेवतो आणि भारी कुलूप लावलं म्हणून निश्चिंत होतो.

काका : पटलं. फक्त एक गोष्ट यादीत माझ्या नावाने लिही. कुलपामागे जे ठेवशील त्यासाठी कुलपाला पैसे कमी पडू देऊ नकोस. विम्याच्या हप्त्याला जेवढे मोजलेस तेवढेच कुलपांनाही मोज. ज्याची भरपाई मिळते त्याला विमा आहे. ज्याची मिळत नाही त्याला फक्त कुलूप आणि जागं माणूस.

पुतणी : लिहिते, काका. शनिवारी या. कोयंडे आपण दोघं बसवू. आणि देव्हारा तुम्हीच बांधा, तुमच्या हाताने.